सोलापूर ते जैसलमेर कॅम्पर व्हॅनने: घरच्यांना घेऊन वाळवंटात जायचं तर आधी पाण्याचा हिशोब

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळं इथल्या प्रत्येक घरात पिंपं किती भरलीत, कपडे कधी धुवायचे, पाहुण्यांना कुठल्या वारी बोलवायचं हा हिशोब बाईच्या डोक्यात कायम चालूच असतो. मागच्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, आमचे हे, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन सोलापूरहून जैसलमेरला जाऊन आलो. १६ दिवस, ३७०० किलोमीटर. आणि या सगळ्यात सर्वात जास्त कामाला काय आलं असेल तर हीच पाण्याची सवय. काय बघायचं याची यादी लोक आधी करतात, मी म्हणते पाणी कुठं भरणार आणि अंधार पडायच्या आत कुठं थांबणार हे आधी लिहून काढा, मग बघायच्या जागा त्यात आपोआप बसतात. माझ्या वहीत जे जे होतं ते सगळं इथं क्रमाने लिहितेय.

कधी निघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. आपल्याला वाटतं की सोलापूरचं ४४ डिग्री सोसलेली माणसं आपण, आपल्याला काय होतंय, पण राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री नोंद झालीय, आणि पत्र्याच्या गाडीत त्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला आणि लेकरांना घेऊन राहणं म्हणजे जिवाशी खेळ. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ शकता पण तेव्हा अख्खा गुजरात जैसलमेरला आलेला असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि सगळ्याचे रेट वाढलेले असतात. जानेवारीच्या मध्यात आमचा गड्डा असतो, सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज सोडून सासूबाई कुठं येणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहिती, म्हणून आम्ही यात्रा उरकून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघालो. शाळेला आधीच लेखी अर्ज दिला. फेब्रुवारीत दिवसा छान ऊन असतं आणि रात्री चांगलीच थंडी. माघ पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरला मरू महोत्सव असतो, बघायचा असेल तर तारीख जुळवा, नको असेल तर ते चार दिवस टाळा.

गाडी घेताना

कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळते ती पुणे, मुंबई, बेंगळुरू अशा मोठ्या शहरात. आम्ही पुण्याहून आणली. बहुतेक गाड्या टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या चासीवर बांधलेल्या असतात. पैसे द्यायच्या आधी कागद बघा. स्वतः चालवायची गाडी असेल तर काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं पाहिजेत, ड्रायव्हरसकट असेल तर पिवळी प्लेट. पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी भाड्याने देत असेल, कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आरसीवर गाडीची नोंद मोटर कॅरॅव्हॅन म्हणून आहे का, परमिट गुजरात आणि राजस्थानात चालतंय का, विमा, फिटनेस, पीयूसी, फास्टॅग, हे सगळं हातात घेऊन वाचा, फोनवर नुसतं हो हो ऐकून घेऊ नका. लायसन्सचं म्हणाल तर ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं, व्यावसायिक गाडीलाही चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मधे तसा निकालच दिलाय. चालवणारे दोघं पाहिजेत. मी हायवेला चालवायचे, गावातून आणि घाटातून हे.

सीट बेल्ट प्रत्येकाला पाहिजे आणि तो सरळ तोंडाच्या सीटला पाहिजे. चालत्या गाडीत मुलं मागच्या बेडवर झोपून गेम खेळतायत असे व्हिडिओ बघून मुलं हट्ट करतात, अजिबात ऐकू नका, ब्रेक लागला की ते लेकरू सरळ ओट्यावर येऊन आदळणार. गाडीची उंची मोजून कागदावर लिहा आणि ड्रायव्हरसमोर चिकटवा. पार्किंगची कमान, झाडाची फांदी, गावातल्या लोंबत्या वायरी, कारची सवय असलेल्या माणसाच्या हे लक्षातच राहत नाही.

आणि हे नक्की करा. निघायच्या आदल्या रात्री गाडी दारात लावून सगळे तिच्यातच झोपा. आम्ही झोपलो तेव्हा कळलं की बेसिनच्या खालचा पाइप ठिबकतोय, फ्रीज रात्रीतून आपोआप बंद पडतोय आणि सासूबाईंना वरच्या बेडवर चढता येत नाही. हे दारात कळलं म्हणून सकाळी पाना घेऊन दुरुस्त झालं, पार राजस्थानात बाडमेरला कळलं असतं तर काय केलं असतं.

लाइट आणि गॅस

बॅटरीचं गणित कुणी समजावून सांगत नाही म्हणून जरा खोलात सांगते. आमच्या गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी होती, म्हणजे १२ गुणिले २००, २४०० वॅट-अवर, घरच्या मीटरच्या भाषेत २.४ युनिट. छोटा फ्रीज दिवसाला ०.६ युनिट खातो, लाइट, छोटे पंखे, पाण्याचा पंप, मोबाइल चार्जिंग सगळं मिळून ०.५ धरा. म्हणजे दिवसाला १.१, दोन दिवस निभतं. टपावर ३०० वॅटचं सोलर होतं, स्वच्छ उन्हात ते दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास देतं, म्हणजे खर्च भागतो. पण धूळ बसली की लगेच कमी होतं, रोज सकाळी कोरड्या फडक्याने पॅनल पुसायचं काम मुलीकडं दिलेलं. एसी मात्र तासाला एक युनिट ओढतो, दोन तासात बॅटरी आडवी, त्यामुळं एसी फक्त जिथं बाहेरून प्लग मिळेल तिथंच. इंडक्शन, इस्त्री, केटल घरीच ठेवा.

गॅस ५ किलोचा छोटा सिलेंडर. गाडी सुरू करायच्या आधी सिलेंडरची चावी बंद, हा नियम. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, म्हणून गाडीच्या तळाला जी जाळी असते ती चटईने किंवा सामानाने झाकायची नाही. थंडी वाजतेय म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपणं तर कधीच, कधीच करू नका. कोळसा असो की गॅस, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. ऊब पाहिजे तर आपली सोलापुरी चादर आहे की, माणशी दोन घेतल्या होत्या, एक खाली एक वर, कुणालाच थंडी वाजली नाही. दुपारी तीच चादर पुढच्या काचेला आतून लावली की गाडी कमी तापते.

पाणी, म्हणजे मुख्य गोष्ट

पाच जणांचा आमचा दिवसाचा हिशोब असा होता. प्यायला माणशी ४ लिटर, झाले २०. स्वयंपाकाला ८, भांड्याला १०, हात-तोंड आणि दात घासायला मिळून १५, संडासच्या छोट्या फ्लशला ५. एकूण ५८, म्हणून ६० धरायचे. टाकी १२० लिटरची, म्हणजे दोन दिवस. त्याशिवाय २० लिटरचे दोन जार पिण्याच्या पाण्याचे वेगळे बांधून ठेवलेले, पैकी एक चालू आणि एक राखीव, राखीवला हात लावायचा नाही, मी घरी पण शेवटच्या पिंपाला असाच कुणाला हात लावू देत नाही. टाकी निम्म्यावर आली की पुढच्या मोठ्या गावात भरायची, गाव लहान असेल आणि पुढं काय आहे माहिती नसेल तर निम्म्याची पण वाट बघायची नाही. एक लिटर म्हणजे एक किलो हे विसरू नका, १६० किलो पाणी घेऊन गाडी वळणावर जड वाटते, जार खाली आणि दोन चाकांच्या मधे बांधा, वर नको.

अंघोळ एक दिवसाआड, आणि ती पण शक्यतो जिथं मुक्काम असेल तिथल्या बाथरूममधे. गाडीत करायचीच तर ५ लिटरची बादली आणि तांब्या, शॉवर नाही. गाडीतला पंप मिनिटाला पाच-सहा लिटर सहज फेकतो, मुलगा ब्रश करत नळ तसाच सोडून उभा राहिला पहिल्या दिवशी, दोन मिनिटांत १० लिटर गेलं. त्या दिवसापासून पंपाचा स्विच बंद, लागेल तेव्हा मोठ्या माणसाने चालू करायचा, आणि हात धुवायला झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली खिडकीत टांगली. ताटं आधी जुन्या कागदाने पुसून घ्यायची, मग एका घमेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात खळखळ, तिसऱ्यात शेवटचं. तिसऱ्यातलं पाणी पुढच्या वेळी दुसऱ्यात. भाजी धुतलेलं पाणी पण पहिल्या विसळणीला. सासूबाईंनी तर दुसऱ्या दिवशीच ताटं बाहेर नेऊन कोरड्या वाळूने घासून आणली, तिकडचे लोक तसंच करतात आणि ताट खरंच लख्ख निघतं.

आता पाण्याची चव. पश्चिम राजस्थानात जमिनीखालचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं असतं, फ्लोराइड पण जास्त असतं. बाडमेरला आम्ही मुक्कामाच्या ठिकाणी बोअरचं पाणी टाकीत भरलं आणि त्यातच तुरीची डाळ लावली. सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ जशीच्या तशी, दाणा बोटाने दाबला तर आत कच्चा. सासूबाई म्हणाल्या, "पाणी जड हाय गं, डाळीला चालत नाही, जारचं घे." जारचं पाणी घेतलं, चौथ्या शिट्टीला मऊ. तेव्हापासून टाकीचं पाणी फक्त धुण्या-पुसण्याला आणि पोटात जाणारं सगळं आरओच्या जारचं. २० लिटरचा जार भरून देणारी दुकानं बाडमेर, जैसलमेर, पोकरण, फलोदी सगळीकडं आहेत.

आणि जाताना मुलांना दाखवाच, गुजरात-राजस्थानच्या हद्दीवर थराद-सांचोरच्या पट्ट्यात नर्मदेचा कालवा लागतो. हे पाणी २००८ मधे राजस्थानात पोचलं. आपलं उजनी धरण शंभरावर किलोमीटर लांब आहे, तिथून पाणी आणावं लागतं म्हणून आपण कुरकुरतो, आणि इथं नर्मदा पार वाळूत येऊन वाहतेय, आम्ही पुलाच्या पुढं सुरक्षित जागा बघून गाडी थांबवली आणि दहा मिनिटं नुसतं ते पाणी बघत उभे होतो. जैसलमेरकडं तसाच इंदिरा गांधी कालवा. पण त्याच्या आधी शेकडो वर्षं लोक कसे राहिले ते बघायचं तर टांका आणि खडीन बघा. टांका म्हणजे अंगणातलं जमिनीखालचं बंद हौद, पावसाचं पाणी साठवायला. खडीन म्हणजे उताराच्या पायथ्याशी घातलेला लांब मातीचा बांध, वरचं पाणी येऊन थांबतं, मुरतं, आणि त्या ओलीवर गहू-हरभरा येतो, पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेर भागात ही पद्धत वाढवली. कुलधराचं ओस पडलेलं गाव त्यांचंच. लोक तिथं भुताच्या गोष्टी सांगतात, मला तरी ज्यांनी असल्या जमिनीत गहू पिकवला त्या माणसांचं जास्त कौतुक वाटलं. आणि एक लक्षात ठेवा, कुणाच्या टांक्यातून न विचारता तांब्याभर सुद्धा पाणी घ्यायचं नाही.

खायचं काय

सोलापूरकरांना यात काही नवीन शिकायला नको. कडक भाकरी ५० नग, शेंगा चटणी दोन किलो, शेंगाच्या पोळ्या, पहिल्या तीन दिवसांसाठी धपाटे. कडक भाकरी तिथल्या कोरड्या हवेत शेवटच्या दिवसापर्यंत कुरकुरीत राहिली, आमटी गरम करायची, भाकरी चुरायची, दहा मिनिटांत जेवण आणि धुवायला भांडं एकच. तांदूळ, मुगाची डाळ, कांदा, बटाटा, लसूण बस झालं. मूगडाळ लवकर शिजते, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. तिकडं बाजरीचा रोट आणि केर-सांगरी जरूर खा, सांगरी सुकी मिळते, घरी घेऊन या. गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत बाटली असेल तर वाटेत अडकाल, कुणाची असेल तर घरीच ठेवायला सांगा.

रस्ता आणि मुक्काम

दिवसाला ३५० किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि सूर्य मावळायच्या आत गाडी उभी. आम्ही असं केलं. पहिला दिवस तुळजापूर, धाराशिव, बीड करत छत्रपती संभाजीनगर, ३१० किमी. तुळजापूरला आईचं दर्शन घेऊनच पुढं, त्याशिवाय आमच्याकडं गाडी हलत नाही. दुसऱ्या दिवशी कन्नडचा घाट सकाळच्या उजेडात उतरून चाळीसगाव, धुळे, नवापूर आणि बारडोली. तिसऱ्या दिवशी भरूच, वडोदरा, अहमदाबादच्या बाहेरून मेहसाणा. चौथ्या दिवशी पाटण, थराद, सांचोर, बाडमेर. पाचवा दिवस पूर्ण आराम, फक्त किराडूची जुनी मंदिरं बघितली, आणि हा आरामाचा दिवस कापू नका, चार दिवस गाडीत बसून मुलं चिडचिडी होतात आणि म्हाताऱ्यांचे पाय सुजतात. सहाव्या दिवशी जैसलमेर, १५५ किमी, वाटेत आकलला दगड झालेली झाडं आहेत, १८ कोटी वर्षांपूर्वीची, मुलाने हात लावून बघितलं आणि "आई हे लाकूड आहे की दगड" असं तीनदा विचारलं.

येताना पोकरण, फलोदीजवळचं खीचन, जोधपूर, पाली, पालनपूर करत. खीचनला थंडीत हजारो कुरजा पक्षी येतात, गावातले लोक त्यांना दाणे टाकतात, पहाटे लवकर जा. डिझेलचा हिशोब सोपा आहे, आमच्या गाडीने लिटरला १० दिलं, ३७०० किमीला ३७० लिटर, ९२ रुपये धरला तर ३४ हजार. बीएस सिक्स गाडीत डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, लागत असेल तर १० लिटरचा एक कॅन जवळ ठेवा.

रात्री गाडी का चालवायची नाही, तर गायी, नीलगायी आणि उंट. उंटाचे पाय बारीक, अंग वर, हेडलाइट पायाखालून निघून जातो आणि जनावर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय वाऱ्याने रस्त्यावर वाळूचे पट्टे येतात, अंधारात ते डांबरासारखेच दिसतात.

मुक्कामाला उघड्या माळावर एकटी गाडी लावून झोपायचं आम्ही टाळलं. जैसलमेरजवळ सम आणि खुरी या वाळूच्या टेकड्यांच्या गावांत टेंटवाल्यांकडं जाऊन विचारलं की आत गाडी लावू का, प्लग आणि बाथरूम वापरू का, पैसे सांगा, बहुतेक जण तयार होतात. नाकोडा, रामदेवरासारख्या ठिकाणी धर्मशाळा आहेत, कुटुंब बघून नीट जागा देतात. मोठ्या पेट्रोल पंपावर मॅनेजरला विचारून एक रात्र निघते. जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा आणि आत अजून लोक राहतात, गल्ल्या इतक्या अरुंद की व्हॅन आत न्यायचा विचार पण करू नका, खाली पार्किंगला लावून रिक्षाने जा. संडासची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची सुटी टाकी, फक्त खऱ्या संडासातच रिकामी करायची, ओढ्यात, झाडाखाली, वाळूत नाही.

वाळूत चाक गेलं तर

खुरीच्या अलीकडं संध्याकाळी पाचच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला एक छान खेजडी, म्हणजे शमीचं झाड, दिसली, म्हणलं दहा मिनिटं चहा करू. डांबरावरून गाडी फार तर ३० फूट आत घेतली असेल. चहा झाला, निघायला गेलो तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, ह्यांनी जोरात ॲक्सिलरेटर दाबला आणि बघता बघता चाक निम्मं आत. सासूबाई गाडीतच रामाचं नाव घेत बसलेल्या. लांबून एक शेळ्या राखणारे आजोबा आले, त्यांनी पहिल्यांदा हात वर करून इंजिन बंद करायला लावलं. मग खाली बसून चाकाच्या पुढची वाळू हाताने ओढायला लागले, पुढं लांब उतार केला, पोटाला टेकलेली वाळू काढली, शेजारच्या खिंपाच्या झुडपाच्या फांद्या मोडून चाकाखाली आडव्या दाबून बसवल्या. आम्ही मागच्या चाकांची हवा ६० पीएसआयवरून ३० वर आणली. सगळ्यांना खाली उतरवलं, पाण्याचे जार पण खाली. पहिल्या गिअरमधे, अगदी हळू, स्टिअरिंग सरळ ठेवून, आणि गाडी बाहेर आली. डांबरावर आल्यावर कंप्रेसरने परत हवा भरली, तोवर अंधार पडला होता. आजोबांनी पैसे घेतले नाहीत, शेंगाच्या चार पोळ्या मात्र हसून घेतल्या.

म्हणून सांगते, डांबर सोडायच्या आधी खाली उतरून चालत जाऊन बघा, टाच मारली आणि आत गेली तर गाडी तिथं न्यायची नाही. चाक फिरलं की लगेच पाय काढा, जितकं फिरवाल तितकं खोल. सोबत छोटं फावडं, दोन फळ्या, चार बारदानं, ओढायचा दोर आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर ठेवाच, आणि कंप्रेसर नसेल तर हवा सोडू नका, कमी हवेवर हायवेला गेलात तर टायर फुटतो. दुपारी गरम टायरची हवा जास्त दाखवली म्हणून ती पण सोडायची नाही, हवा सकाळी थंड असतानाच तपासायची. आणि वाळूच्या टेकड्या बघायच्या तर उंटावरून किंवा तिथल्या जीपने जा, व्हॅनने नाही.

तनोट, लोंगेवाला

ही दोन्ही ठिकाणं पाकिस्तानच्या सीमेजवळची. जैसलमेरहून रामगड ६५ किमी, तनोट साधारण १२०, तिथून लोंगेवाला ३८ आणि परत रामगड. रामगडला डिझेल आणि पाणी दोन्ही भरून घ्या, पुढं काही भरवसा नाही, मोबाइलची रेंज पण जाते येते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि घरी कुणाला तरी सांगा की अमुक वाजेपर्यंत फोन येईल. तनोटच्या देवळाची पूजा-अर्चा बीएसएफचे जवान बघतात, १९६५ च्या लढाईत न फुटलेले बॉम्ब तिथं ठेवलेत. लोंगेवालाला ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्रीची लढाई झाली, रणगाडे उभे आहेत. सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा, ड्रोन नेऊ नका, जवानांनी फोटो काढू नका म्हणलं की काढायचा नाही. देवळाच्या पुढं सीमेकडं जायला वेगळी परवानगी लागते.

आणि सुदासरीला जा, डेझर्ट नॅशनल पार्कमधे, जैसलमेरला परवानगी आणि गाडीची चौकशी करून. ३१६२ चौरस किलोमीटरचं हे उद्यान आहे आणि माळढोक आता उरलाय तो मुख्यतः याच भागात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकचं अभयारण्य आहे पण आता तिथं पक्षी दिसणं नशिबाची गोष्ट. सासूबाईंचं माहेर नान्नजकडचं, लहानपणी रानात ज्वारीच्या कडेला हा पक्षी त्यांनी कितीदा बघितलेला. गाइडने दुर्बीण दिली, त्यांनी बराच वेळ डोळ्याला लावून ठेवली, गवताच्या वर एक पांढरी मान हळूहळू चाललेली. "तोच की गं," म्हणाल्या, आणि दुर्बीण कुणाला द्यायलाच तयार नाहीत. मुलांना चिंकारा पण भरपूर दिसले.

तब्येतीचं

हवा इतकी कोरडी असते की घाम कळत नाही, तहान लागायची वाट बघू नका, तासाला अर्धा ग्लास सगळ्यांना द्या. ओआरएसची २० पाकिटं ठेवा. मुलाच्या नाकातून दुसऱ्या दिवशी रक्त आलं, कोरड्या हवेने येतं, पुढं वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरला, थांबलं, मग रोज रात्री नाकात खोबरेल तेलाचं बोट. बीपी-शुगरची औषधं २० दिवसांची घ्या, डॅशबोर्डवर ठेवू नका, इन्सुलिन फ्रीजमधे. फेब्रुवारीत सुद्धा बंद गाडीत लेकराला एकटं सोडायचं नाही. फुरसं तिथं पण असतं, विंचू पण, रात्री खाली उतरताना बॅटरी आणि बूट, सकाळी बूट झटकून घालायचे. १०८ आणि ११२ दोन्ही नंबर मुलीला पाठ करायला लावले होते.

परत आल्यावर

गाडी परत द्यायच्या आधी सोफ्याच्या फटीतली वाळू, एअर फिल्टर, पंपाची जाळी, कॅसेट हे सगळं साफ करा आणि जाताना काढलेल्या फोटोंशी ताडून बघा, डिपॉझिटवरून वाद होत नाही. आम्ही सोळाव्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा टाकीत ४० लिटर पाणी शिल्लक होतं आणि आमच्या गल्लीत पाणी यायला अजून दोन दिवस होते. मी पाइप लावून ते सगळं बादल्यांत काढलं, मुलांचे वाळूने भरलेले कपडे त्यातच भिजवले आणि उरलेलं कुंड्यांना घातलं.